तेरा पेले दूध

१

सोमवारी सकाळी सव्वासातला इमोजीन टॅकेटच्या स्वयंपाकघरातला फोन खणखणला. तिने उचलला, आणि "हॅलो" म्हणायच्या आत पलीकडून तोफ सुटली.

"गनर डालक्विस्ट बोलतोय! पेपर बघितलात, बाई? माझं नाव सगळ्यांत वर! मी तुम्हाला कधी शब्द दिला होता? सांगा ना, कधी?"

"सिनेटर, कसला पेपर? कसलं नाव?"

"वा! वर आणि सोंग!" म्हणून त्याने फोन आपटला.

इमोजीन सपाता घालून तशीच दाराबाहेर आली. पायरीवर बर्फाच्या चिखलात पेपर पडला होता. पहिल्याच पानावर मथळा होता, 'राष्ट्राध्यक्षांच्या पाठीत सुरा खुपसणारे तेरा'. खाली तेरा नावं. तिथेच थंडीत उभी राहून ती वाचत गेली.

राष्ट्राध्यक्षांवरचा महाभियोगाचा खटला तीन आठवडे सिनेटपुढे चालला होता. उद्या, मंगळवारी चार वाजता मतदान. शंभरांतल्या सदुसष्ट सिनेटरांनी 'दोषी' म्हटलं तरच गडी खुर्चीवरून उतरणार. इमोजीनच्या पक्षाचे, म्हणजे विरोधकांचे, चोपन्न. उरलेले तेरा राष्ट्राध्यक्षांच्याच पक्षातून यायला हवे होते, आणि ते इमोजीनने आणले होते. एकेकाकडे स्वतः जाऊन, कागदावर अक्षर न उमटवता, फोनवर चकार शब्द न काढता. पक्षासाठी डोकी मोजायची, हे काम ती तीस वर्षं करत होती. प्रत्येकाला तिने एकच वचन दिलं होतं, की मतदानाची हाक होईपर्यंत तुमचं नाव कुणाला कळणार नाही. माझा शब्द.

वेस्ट व्हर्जिनियातल्या खाणकामगाराची ही पोर. ना डिग्री, ना घराणं. आयुष्याची कमाई काय ती एवढीच, की इमोजीन टॅकेटने शब्द दिला म्हणजे दिला, असं दोन्ही पक्षांत मानलं जाई. आज त्या शब्दाचं पोतेरं झालं होतं.

पण यादी दुसऱ्यांदा वाचताना ती थबकली. नावं तेराच होती, बरोबर मात्र बारा. डालक्विस्टने खरोखरच कधी शब्द दिला नव्हता. तो राष्ट्राध्यक्षांचा कट्टर माणूस. आणि ज्याने सगळ्यांत आधी शब्द दिला, बाकीच्या बारा जणांना एकेक करून तिच्यापर्यंत आणलं, तो वेंडेल ऑस्ट्रँडर यादीत नव्हताच.

२

दहा वाजेपर्यंत सात जणांनी माघार घेतली होती. राष्ट्राध्यक्षांनी टीव्हीवर त्यांना "सापाची पिल्लं" म्हटलं होतं. एकाच्या घराच्या काचा फुटल्या. एक सिनेटरबाई फोनवर रडत म्हणाल्या, "माझ्या मुलीच्या शाळेबाहेर माणसं उभी आहेत, मिस टॅकेट. तुम्ही शब्द दिला होतात ना?"

पक्षनेता ऑल्डन क्राउदर मात्र शांत होता. त्याच्याकडे तिची सव्वीस वर्षं गेली होती. तो नवखा होता, कुठलं दार कुठे उघडतं हेही त्याला कळत नव्हतं, तेव्हापासून. तिची आई गेली तेव्हा हा माणूस सात तास गाडी चालवत मातीला आला होता. नोव्हेंबरात तो स्वतः राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहणार हे सगळ्यांना माहीत होतं, आणि त्या दिवसाची सगळ्यांत जास्त वाट कोण बघत असेल तर इमोजीन.

"बस. बिस्किट घे. बिनसाखरेचं आहे, मातीसारखं लागतं," क्राउदर म्हणाला. "माझ्या मधुमेहाची शिक्षा तुम्हा सगळ्यांना. बोल, कोण फुटलं?"

"फुटलं कुणी नाही, सिनेटर. यादी ज्याने दिली त्याला नावं माहीतच नव्हती."

टेबलावरच्या ताटलीत टाचण्या होत्या, दोन क्लिपा, एक पेपरमिंटची गोळी. क्राउदर ती ताटली बोटाने फिरवत होता. बोट थांबलं.

"म्हणजे?"

"एक नाव चुकलंय. एक राहिलंय."

"कुठलं?"

"ते मी कसं सांगू? नेत्याला आकडा सांगायचा, नावं नाहीत. तुमचाच नियम." टीव्हीवर कुणी विचारलं तर छातीठोकपणे 'मला ठाऊक नाही' म्हणता यावं, म्हणून तो नियम होता.

"शहाणी आहेस. पण आता सोड ते. हरलो आपण. चोर सापडला म्हणून ते परत येणार आहेत का?"

"ते येऊ देत नाही तर न येऊ देत. मी त्यांना विकलं असं समजतायत ते. मला हे घेऊन मरायचं नाही."

क्राउदरने तिच्या खांद्यावर थोपटलं. ती बाहेर आली तेव्हा डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. नावं माहीत नसताना ती माणसं ओळखायची वाट एकच होती. दूध.

३

महाभियोगाच्या खटल्यात सिनेटरांनी तोंड उघडायचं नसतं. रोज सुरुवातीलाच खणखणीत आवाजात बजावतात, गप्प बसा, नाही तर कैद. फोन बाहेर ठेवायचे. डेस्कवर प्यायला पाणी नाही तर दूध, तिसरं काही नाही. जुनी रीत.

गुरुवारी क्राउदर तिला म्हणाला होता, "आकडा तू सांगतेस, पण मला काहीतरी डोळ्यांनी दिसू दे. शेवटचा साक्षीदार उभा करायची गरज आहे की नाही, कशाच्या भरवशावर ठरवू?" तेव्हा इमोजीनने युक्ती काढली. शुक्रवारी, तीनच्या सुट्टीनंतर, जो शब्दावर कायम आहे त्याने दूध मागवायचं. ही खूण तिने त्या तेरा जणांना सांगितली, आणि बाहेरच्या दोघांनाच : क्राउदरला आणि फिर्यादी पक्षाच्या प्रमुख, कनिष्ठ सभागृहातल्या रोसाल्बा किन्योनेस यांना. शुक्रवारी दाराशी उभी राहून तिने पेले मोजले आणि लगेच बाहेर पडली. बारा तिचे. एक डालक्विस्टचा, पण तो रोजचाच. त्याच्या पोटात अल्सर, बिचारा तीन आठवडे दुधावर होता. आणि ऑस्ट्रँडरपुढे पाणी.

ताडाच्या झाडाखाली बसून दूध प्यायलं तरी लोक ताडी प्यायला म्हणतात. डालक्विस्टला तर खुद्द दूधच नडलं होतं.

ऑस्ट्रँडर तिला भोजनगृहात सापडला. एकटाच. पुढ्यात बीन्सचं सूप निवत होतं आणि आजूबाजूची टेबलं रिकामी होती.

"बसू का, सिनेटर?"

"बसा ना, मिस टॅकेट. आज माझ्याजवळ बसणारं दुसरं आहे कोण?"

नेब्रास्काचा हा उंच, वाकलेला म्हातारा राजकारणात येण्याआधी गुरांचा डॉक्टर होता. जन्म दुभत्या गुरांत गेला आणि पेलाभर दूध पचत नाही, असं त्याचं नशीब.

"सगळे म्हणतात मीच घात केला," तो म्हणाला. "बाकी सगळे यादीत आणि आणणारा तेवढा बाहेर. वर स्वतःच्या जागी गनरचं नाव घातलं म्हणे मी. अठरा वर्षं शेजारी बसतोय आम्ही. त्याच्या मुलीचा धर्मपिता आहे मी. आज सकाळी हात पुढे केला तर झटकला त्याने."

"तुम्ही त्या दिवशी दूध मागवलं असतंत तर..."

"तेव्हाच सांगितलं होतं ना तुम्हाला? मी दूध प्यायलो तर मतदान संडासातून करावं लागेल." तो हसायला गेला, पण जमलं नाही. "एक विचारतो. रागावू नका. तुम्ही तर नाही ना?"

"मी तुम्हाला हेच विचारायला आले होते."

चमचा सूपमध्ये तसाच राहिला.

"शुक्रवारी काय बरं वाटत होतं," म्हातारा स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "वाटलं, माणसं बदलतात. तुमच्या बाजूचे, एरवी कधी न फिरकणारेसुद्धा माझ्या डेस्कच्या खणातली गोळी घ्यायला यायला लागले."

"तुमचं नाव यादीत नाही," इमोजीन म्हणाली. "उद्या 'निर्दोष' म्हणा आणि सुटा. गावाला कधी कळायचं नाही."

"आणि ते बारा जण? गनर? ते काय समजतील, बाई?"



४

रोसाल्बा किन्योनेस यांच्या गळ्याला लोकरी मफलर होता आणि आवाज फाटक्या भात्यासारखा येत होता. पाच महिने या बाईने रक्ताचं पाणी केलं होतं. टेबलावर उद्याचं भाषण पडलं होतं, दोन तुकडे केलेलं.

"शुक्रवारी तीननंतर तुम्ही कुठे होता?" इमोजीनने सरळ विचारलं.

"मला विचारताय? मला?" रोसाल्बा कुजबुजल्या. मग हात वर केले. "विचारा, विचारा. तुमचं चुकत नाही. डॉक्टरच्या खुर्चीत होते, घशात नळी घालून. माझ्या जागी माझा सहकारी उभा राहिला, सगळ्या देशाने टीव्हीवर बघितलं."

"टीव्हीवर डेस्कं दिसतात?"

"छे. कॅमेरा बोलणाऱ्यावरून हलतच नाही. कोण झोपलंय ते लोकांना दिसलं तर?" त्या खोकल्या. पाणी प्यायल्या. "इमोजीन, इकडे बघा. खूण बाहेरच्या दोघांनाच माहीत होती. मी तिथे नव्हते. मग राहिलं..."

"बोलू नका," इमोजीन घाईने उठली. "घशाला त्रास होतोय तुमच्या."

"माझ्या घशाला होतोय की तुमच्या कानाला?"

इमोजीनने दार ओढून घेतलं, जरा जोरातच.

५

सभागृह रिकामं होतं. सफाईवाले नुकतेच गेले होते आणि मेणाच्या पॉलिशचा वास सुटला होता. इमोजीनने पर्समधून दोन कागद काढले. एक वर्तमानपत्राचं कात्रण, दुसरा डेस्कांचा नकाशा. असा नकाशा तिच्याकडे कायम असे; नुसत्या चौकटी, खुणा सगळ्या तिच्या डोक्यात.

यादीतला क्रम तिला सकाळपासून टोचत होता. आडनावांच्या वर्णक्रमाने नाही. राज्यांच्या नाही. ज्येष्ठतेच्याही नाही. मग कुठला? तिने पेन्सिल घेतली आणि पहिल्या नावाच्या चौकटीवरून दुसऱ्या नावाच्या चौकटीकडे रेघ ओढली. दुसऱ्यावरून तिसऱ्याकडे. रेघ शेवटच्या रांगेत दाराजवळ सुरू झाली, रांगेभर गेली, मग पुढची रांग, मग त्यापुढची. कुठेही उडी नाही, कुठेही मागे फिरणं नाही.

कुणीतरी मागे उभं राहून नजरेने पेले वेचले होते, जवळच्यापासून लांबच्यापर्यंत, आणि त्याच क्रमाने पाठ केले होते. सगळ्यांत जवळचा पेला डालक्विस्टचा. म्हणून तो पहिला.

ती त्या जागी जाऊन उभी राहिली. पुढ्यात ऑस्ट्रँडरचं डेस्क होतं.

म्हणजे तोच? पण मग तिचं डोकं कामाला लागलं. ऑस्ट्रँडरला पेले बघायची गरजच काय? बाराही नावं त्याला तोंडपाठ होती, त्यानेच तर आणली. शिवाय शेजारचा माणूस अल्सरसाठी दूध पितो हे त्याच्याइतकं कुणाला माहीत? त्या बाजूच्या सगळ्यांनाच ते माहीत होतं. डालक्विस्टला ते 'वासरू' म्हणून चिडवायचे. ही चूक करणारा पलीकडच्या बाजूचा होता. समोरच्या बाकांकडे आयुष्यात कधी वळून न बघणारा. बघायचं काम दुसऱ्या कुणावर तरी सोपवलेला.

ऑस्ट्रँडरच्या डेस्कचा खण म्हणजे सभागृहाचा खाऊचा खण. गोळ्या, चॉकलेटं कायम भरलेली. कुठल्याही पक्षाच्या माणसाने यावं, मूठ भरावी, अशी वर्षानुवर्षांची रीत. तिथे येऊन उभं राहिलेल्या माणसाला कुणी 'का' म्हणून विचारत नाही.

तिने बाहेरच्या खोलीतून ऑस्ट्रँडरला फोन लावला.

"सिनेटर, शुक्रवारी दूध वाटून झाल्यावर तुमच्या खणाशी कोण आलं होतं?"

"दूध आल्यावर? एकच जण. म्हणून तर लक्षात राहिलं."

"कोण?"

"अहो, तुमचेच साहेब! अठरा वर्षांत पहिल्यांदा. एक पेपरमिंट घेतली आणि कितीतरी वेळ कागद सोडवत उभे होते."

६

क्राउदर कोट चढवत होता. इमोजीन आत आली, खुर्चीवर बसली नाही. ताटलीतली पेपरमिंटची गोळी उचलून तिने त्याच्यासमोर ठेवली. कागदही सुटला नव्हता.

"वीस वर्षं तुम्ही गोडाला बोट लावलेलं नाही, सिनेटर."

त्याने गोळीकडे बघितलं, मग तिच्याकडे. नाकारलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. नाकारलं नाही.

"कुठलं नाव चुकलं होतं?" त्याने विचारलं.

"डालक्विस्ट. त्याला अल्सर आहे."

"अरेरे," तो म्हणाला, आणि खरंच वाईट वाटल्यासारखा खुर्चीत बसला. "उपराष्ट्राध्यक्षबाई बघितल्यायस ना? स्वच्छ, हसऱ्या, एक डाग नाही. हा गेला की त्या खुर्चीत बसणार आणि नोव्हेंबरात मला लोळवणार. हा राहिला तर अर्धमेला राहतो. अर्धमेल्याला कुणीही हरवेल. खटला व्हायलाच हवा होता, इमोजीन. निकाल नको होता."

"मग मला सांगायचं होतंत! आणू नकोस म्हणायचं होतंत!"

"मला वाटलंच नव्हतं तू आणशील. नऊ-दहावर अडशील असा माझा अंदाज. तू तेरा आणलेस. फार चांगलं काम केलंस तू."

इमोजीनने टेबलाची कड धरली. "एकाचं नाव फोडलं असतंत तरी सहासष्टवर अडलं असतं. सगळ्यांची कशाला?"

"त्यांचा पक्ष आता त्यांना उमेदवारी देणार नाही. माथेफिरू उभे करतील. त्यांतल्या पाच जागा तरी आपल्या."

"मी शब्द दिला होता त्यांना."

"तुझ्या शब्दावरच तर ते उघड्यावर आले. माझ्या शब्दावर कोण आलं असतं?"

यात टोमणा नव्हता. तो नुसता हिशेब सांगत होता, आणि तेच तिला सहन होईना. खिडकीबाहेर घुमटावर झेंडा गारठून लोंबत होता. ती म्हणाली, "आईच्या मातीला तुम्ही सात तास गाडी चालवत आला होतात."

"ते खरं होतं," क्राउदर म्हणाला. "हेही खरं आहे. उद्याचा आकडा काय?"

सव्वीस वर्षांची सवय. तोंडातून उत्तर निघूनही गेलं.

"चोपन्न."

"त्यांच्यातला एकही नाही?"

"एकही नाही."

७

मंगळवारी दुपारपर्यंत ती एकेकाच्या दारात गेली, पूर्वी गेली होती तशीच. बाराही जणांना सांगितलं की ऑस्ट्रँडरने काही केलेलं नाही. केलं आमच्या नेत्याने, आणि वाट दाखवली मी, माझ्या शहाणपणाची मिजास म्हणून. कुणी तोंडावर दार लावलं, कुणी पाणी विचारलं. 'दोषी' म्हणायला मात्र कुणी तयार झालं नाही. डालक्विस्ट ऐकून घेत उभा राहिला आणि म्हणाला, "वेंडेलचा हात झटकला मी." एवढंच.

रोसाल्बांकडे तिने सगळी हकिकत लिहिलेली दोन पानं दिली. आयुष्यात पहिल्यांदा तिने काही कागदावर उतरवलं होतं, खाली सही करून.

"उद्या माझा आवाज येईल," रोसाल्बा म्हणाल्या. "नाही आला तर दुसऱ्याकडून वाचून घेईन."

शेवटी ऑस्ट्रँडर. "तुमच्या शब्दातून तुम्हाला मोकळं केलं," ती म्हणाली. "आमची बाजू त्या लायकीची नाही." म्हाताऱ्याने मान हलवली, आभार मानले आणि आत गेला.

चार वाजता हाका सुरू झाल्या. नाव पुकारलं की आपल्या डेस्कपाशी उभं राहून एक शब्द बोलायचा. क्राउदर उठला, "दोषी" म्हणाला, भरदार आवाजात. डालक्विस्ट उठला, खाली बघत "निर्दोष" म्हणाला. यादीतली नावं एकेक करून येत गेली. निर्दोष. निर्दोष. निर्दोष. इमोजीन दाराशी उभी राहून मोजत होती. दुसरं काही तिला येत नव्हतं.

मग तिचं लक्ष शेवटच्या रांगेकडे गेलं. ऑस्ट्रँडरपुढे पेला होता. पाण्याचा नव्हता.

शेजारी डालक्विस्टने त्याची बाही ओढली, नको नको अशी मान हलवली. ऑस्ट्रँडरने पेला उचलला, डोळे मिटले आणि औषध घ्यावं तसा घटाघट रिकामा केला. बारा माणसं वळून बघत होती. त्याचं नाव पुकारलं गेलं. तो टेकत टेकत उभा राहिला.

"दोषी."

गॅलरीत कुणीतरी किंचाळलं. हातोडा पडला. नेब्रास्कात आता त्याच्या घराच्या काचा फुटणार होत्या आणि पुढच्या निवडणुकीत त्याला कुत्रं विचारणार नव्हतं. ऑस्ट्रँडर शांतपणे खाली बसला. डालक्विस्टने दोन्ही हातांत त्याचा हात धरून ठेवला होता.

पंचावन्न. राष्ट्राध्यक्ष सुटले. गलक्यातून वाट काढत क्राउदर दाराशी आला आणि तिच्या कानाशी वाकला.

"तू तर म्हणाली होतीस, एकही नाही."

"चुकले, सिनेटर. तीस वर्षांत पहिल्यांदाच," इमोजीन म्हणाली. "मी ऑस्ट्रँडरनाही तुमच्याच मापाने मोजलं."

गळ्यातला बिल्ला काढून तिने त्याच्या हातावर ठेवला. त्याला आणखी काही म्हणायचं होतं, पण तिला वेळ नव्हता. शेवटच्या रांगेतून ऑस्ट्रँडर पोट धरून लगबगीने येत होता, आणि त्याच्यामागे त्याचा कोट सांभाळत, "सरका हो, सरका!" म्हणून ओरडत डालक्विस्ट. इमोजीन पुढे झाली आणि त्यांच्यासाठी दार धरून उभी राहिली.